पंपाजवळचा सांधा पुन्हा पुन्हा का गळतो? घरच्या स्विमिंग पूलची गळती शोधताना आणि पाइप जोडताना

पन्हाळा रोड असो, राधानगरी रोड असो की गारगोटीकडची बाजू, कोल्हापूरच्या आसपास फार्महाऊसला आणि बंगल्याच्या मागं आता बरेच छोटे स्विमिंग पूल दिसतात. त्यांच्या मालकांची तक्रारही जवळपास एकच असते. पंपाच्या तोंडाशी सांधा गळतो. प्लंबर येतो, सोल्युशन (पीव्हीसी पाइप जोडायचं रसायन) लावून जातो, दोन-तीन महिने बरे जातात आणि पंपाखालची फरशी पुन्हा ओली. मग त्याच्यावर एम-सील, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून तारेचे वेढे.

पूल आणि पंपांच्या पाइपकामातच माझा दिवस जातो, त्यामुळं ठामपणे सांगतो. सांधा नीट जोडला नाही म्हणून गळती एकदा होऊ शकते. पण ती त्याच जागी परत येत असेल, तर त्या सांध्यावर कसला तरी ताण आहे. चुकीच्या मापाचा तुकडा असेल, तापणारा पंप असेल, लोंबकळणारा पाइप असेल, नाहीतर खालची हलणारी माती. तो ताण काढल्याशिवाय नवीन सांधाही जुन्याइतकाच टिकणार. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी थोडं बघून घेऊ.

पाणी खरंच गळतंय का?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ऊन आणि वारा मिळून उघड्या पूलचं पाणी दिवसाला पाच-सात मिलिमीटर सहज उडवतात. त्याला गळती म्हणता येत नाही. फरक कळायला एक बादली पुरते. बादलीत पूलचंच पाणी भरा, ती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईल. बादलीच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन खुणा पेन्सिलीनं करा. चोवीस तासांनी बघा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर पाणी हवेत गेलं. पूलची जास्त उतरली असेल तर जेवढा फरक तेवढी गळती.

हे करताना पूलला आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करा. या फ्लोटमुळं लोकांना वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही. पातळी दिसते तशीच राहते आणि बोअरची मोटर मात्र दिवसभर चालते. २५ बाय १२ फुटांच्या पूलमध्ये पाणी एक इंच उतरलं म्हणजे सुमारे ७०० लिटर गेलं. रोज एवढं पाणी जमिनीत जात असेल तर नुसत्या पाण्याचा प्रश्न राहत नाही, फरशीखालची भरणीही त्याच्याबरोबर वाहून जाते.

ओव्हरफ्लो पद्धतीचा पूल असेल, म्हणजे कडेच्या जाळीतून पाणी बॅलन्सिंग टँकमध्ये जाणारा, तर त्या टाकीची पातळी वेगळी तपासा. पंप बंद ठेवून टाकीत खूण करायची. पूल शाबूत आणि गळती टाकीच्या बांधकामात, असं बऱ्याच ठिकाणी निघतं.

सक्शन की डिलिव्हरी?

गळती आहे हे ठरलं की ती पंपाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. शेतात मोटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, पूलमध्येही तोच हिशेब आहे. पंपाच्या आधीची बाजू पाणी ओढते, पंपाच्या पुढची बाजू पाणी ढकलते. पंप बारा तास चालू ठेवून पातळी किती उतरते ते मोजा, मग बारा तास बंद ठेवून मोजा. दिवस-रात्रीचा फरक पडतो, म्हणून दोन्ही वेळा बादलीशी ताडून बघा. चालू असताना जास्त जात असेल तर डिलिव्हरीच्या पाइपात, फिल्टरमध्ये नाहीतर बॅकवॉशच्या लाइनमध्ये (फिल्टर उलट्या पाण्यानं धुतल्यावर घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप) शोधा. बंद असताना जास्त जात असेल तर संशय सक्शनवर. दोन्ही वेळेला सारखंच जात असेल तर बहुतेक पूलच्या अंगातच कुठंतरी फट आहे.

सक्शनची गळती फसवी असते. पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर येतच नाही, उलट हवा आत जाते. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसतात, पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडातून हवेचे फुगे येतात, फिल्टरच्या काट्याची सुई थरथरते. गडी सांगतो, 'मालक, पंप हवा घेतोय.' तो बरोबर बोलत असतो. अशा वेळी झाकण, ड्रेन प्लग, युनियन (हातानं खोलता येणारा जोड) आणि पंपात आत जाणारा आट्याचा तुकडा एवढ्याच जागा आधी बघायच्या. दाढीचा फेस प्रत्येक सांध्यावर लावा. पंप चालू असताना जिथं फेसाला खड्डा पडून तो आत ओढला जातो, ती जागा.

दुसरी खूण पंप बंद करतानाची. एक माणूस बटणाशी उभा करा आणि आपण सांध्याजवळ बॅटरी धरून बसा. पंप थांबला की ओढ संपते आणि पाणी उलट दाबानं येतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत फट असलेल्या आट्यातून पाण्याचा बारीक फवारा उडतो आणि लगेच थांबतो. दिवसभर कोरडा दिसणारा सांधा तेव्हा पकडला जातो.

बुडबुडे दिसले म्हणून लगेच पाइप कापू नका. पूलची पातळी स्किमरच्या (वरवरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) तोंडाच्या निम्म्याच्याही खाली गेली असेल तर तो हवाच ओढणार. झाकणाची ओ-रिंग काढून पुसा, चपटी झाली असेल किंवा तडे असतील तर बदला. तिला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली किंवा मोटरसायकलचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि बरेचदा त्याचीच पुढं गळती होते.

पंपाच्या तोंडाशी

खरी गोम इथं आहे. आपला जिल्हा ऊसाचा आणि नदीवरच्या उपसा योजनांचा. त्यामुळं लक्ष्मीपुरीत जा नाहीतर तालुक्याच्या बाजारात, पाइपाच्या दुकानात शेतीचा पीव्हीसी माल भरपूर. हा माल मिलिमीटरच्या मापाचा असतो. ज्याला आपण शेतात 'दोन इंची' म्हणतो त्याचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर. प्लंबिंगचा शेड्यूल ४० किंवा ८० चा (हे आकडे भिंतीच्या जाडीचे) दोन इंची पाइप मात्र बाहेरून ६०.३ मिलिमीटरचा असतो. दीड इंचीतही तसंच, शेतीचा ५० आणि प्लंबिंगचा ४८.३. पूलच्या पंपाबरोबर येणारी युनियन कधी एका मापाची असते, कधी दुसऱ्या.

म्हणजे नाव एकच आणि माप दोन. घाईत ६०.३ चा पाइप ६३ च्या सॉकेटमध्ये बसवला की व्यासात पावणेतीन मिलिमीटरची फट राहते. ती सोल्युशननं बुजत नाही. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते दोन्ही प्लास्टिकचे पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळतं, आणि त्यासाठी ते एकमेकांना दाबून बसलेले असावे लागतात. ढिल्या सांध्यात नुसता सोल्युशनचा थर वाळतो, आतून आकसतो आणि पंपाच्या हादऱ्यानं सुटतो. याच्या उलट ६३ चा पाइप बारक्या सॉकेटमध्ये जात नाही. मग सॉकेटच आगीवर मऊ करून, फुलवून बसवतात. शेतातल्या लाइनला पाइपाचं तोंड फुलवायची आपल्याकडं सवयच आहे. पण पंपाच्या तोंडाशी, जिथं रोज सात-आठ तास कंप आहे, तिथं तापवून पातळ झालेलं प्लास्टिक पहिल्यांदा चिरतं.

म्हणून दुकानात एमटीए, म्हणजे एका टोकाला पाइप चिकटवायचा आणि दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे असलेला तुकडा, घ्यायला गेल्यावर संवाद असा झाला पाहिजे:

"काय पाहिजे, मालक?"

"दोन इंची एमटीए द्या, दोन नग."

"शेतीचा का प्लंबिंगचा?"

हा प्रश्न विचारणारा दुकानदार सोडू नका. आणि त्यानं नाही विचारला तर आपण सांगायचं. त्याहून चांगलं म्हणजे कापलेल्या पाइपाचा वीतभर तुकडा पिशवीत घेऊन जायचा आणि दुकानातच सोल्युशनशिवाय बसवून बघायचा. हातानं दाबल्यावर तो सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर घट्ट अडकला पाहिजे. तळापर्यंत सुळकन गेला आणि डुगडुगला तर तो तुकडा परत द्या.

आधीच्या लाइनला शेतीचा पाइप गाडलेला असेल आणि तो उकरायचा नसेल, तर दोन मापं जोडायला त्यासाठीचाच जोडतुकडा घ्या. तो मिळाला नाही तर आट्यांमधून जा: एका बाजूला शेतीच्या मापाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला प्लंबिंगच्या मापाचा, मध्ये आटे. आट्यांचं माप दोन्हीकडं सारखं आहे एवढं तपासून घ्यायचं.

दुसरं कारण तापण्याचं. शेतीच्या फीडरवर असलेल्या फार्महाऊसला थ्री फेज लाइट पाळीनं येते. लाइट गेली, पंपानं पाणी सोडलं, आणि रात्री लाइट आल्यावर टायमरनं पंप कोरडाच सुरू केला. डब्यात राहिलेलं थोडं पाणी तिथल्या तिथं घुसळून तापतं. पीव्हीसी साठ अंशांपुढं दाबाला टिकत नाही. एमटीएचे आटे मऊ होतात, आकसतात, आणि सकाळी पंप गार झाल्यावर तोच तुकडा आपल्या जागेत ढिला झालेला असतो. अशा सांध्यावर टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी तो थोड्या दिवसांत गळणार, कारण आट्यांचा आकारच गेलेला असतो. तुकडा काढून आट्यांकडं बोट फिरवून बघा. पंपाकडची दोन-तीन धारा गोल, चपट्या झालेल्या लागल्या तर पंप कोरडा चालल्याची ती खूण. तिथं जाड भिंतीचा शेड्यूल ८० चा एमटीए घाला आणि पंपाला ड्राय रन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी नसेल तर पंप आपोआप बंद करणारं यंत्र, बसवा. हे दुसरं केल्याशिवाय पहिल्याचा उपयोग थोडाच.

कोरड्या चालीनं आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे मेकॅनिकल सील, मोटरच्या दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग. मोटर आणि पंपाच्या डब्याच्या मधून खाली थेंब पडत असतील तर पाइपाला हात लावू नका, सील बदलायला द्या. नवीन सीलच्या गुळगुळीत चकत्यांना उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल आणि धूळसुद्धा तिथं नको.

तिसरं कारण पाइप लहान असण्याचं. दोन इंची सक्शनमधून ताशी चौदा हजार लिटरच्या आसपास आणि दीड इंचीतून साडेआठ हजारांच्या आसपास पाणी निवांत जातं. दीड इंचीवर मोठा पंप लावला की तो ओढूनच घेतो आणि सक्शनचा प्रत्येक आटा हवा शोधायला लागतो. पंपाच्या अगदी तोंडाला एल्बो असेल तर आणखीच वाईट. पंपात शिरायच्या आधी निदान एक फूट सरळ पाइप हवा.

आणि चौथं, आधार. पंपाखाली रबरी पॅड नाही, फिल्टरकडं चढणारा पाणीभरला पाइप हवेत, त्याचं सगळं वजन पंपाच्या प्लास्टिकच्या तोंडावर. एक अँगल आणि दोन क्लॅम्प एवढंच काम असतं. ते कुणी करत नाही, कारण नवीन असताना गळत नाही.

आता जोडायचं कसं

तुकड्यातुकड्यानं दुरुस्ती करण्यापेक्षा पंपापासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचं सगळं कापून नव्यानं करा. जुन्या, एकदा चिकटवलेल्या सॉकेटमध्ये दुसऱ्यांदा पाइप बसत नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, आणि युनियनच्या पलीकडं बॉल व्हॉल्व्ह. मग पुढच्या वेळी पंप काढायला हॅकसॉ लागणार नाही.

पाइप काटकोनात कापा. तिरका कापला तर सॉकेटच्या तळाशी एका बाजूला फट राहते. कडेची आतली-बाहेरची कूस, म्हणजे कापल्यावर राहिलेले बारीक तुरे, चाकूनं काढा, नाहीतर ती आत जाताना सोल्युशन खरवडून पुढं नेते. पाइप किती आत जायचा त्याची खूण करा. प्रायमर लावा, मग पाइपावर भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ असं सोल्युशन लावा, लगेच आत दाबा, पाव वेढा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलंत तर पाइप थोडा मागं सरकतो, डोळ्याला दिसतो. सांध्याभोवती सोल्युशनची अखंड गोल रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका जागी रेघ तुटली असेल तर गळती तिथंच होईल.

डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर फेकून द्या, थिनर ओतून पातळ करू नका. सीपीव्हीसीचं (गरम पाण्याच्या पाइपाचं) सोल्युशन आणि यूपीव्हीसीचं (साध्या पीव्हीसी पाइपाचं) वेगळं असतं. मे महिन्यात भर दुपारी काम केलं तर पाइप बसायच्या आधीच सोल्युशनवर साय धरते, म्हणून सकाळी लवकर किंवा सावली धरून करा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: हवेत ओल इतकी असते की सांधा वाळायला वेळ घेतो. 'मालक, तासाभरात सोडा पाणी' असं प्लंबर म्हणाला तरी पावसाळ्यात पूर्ण एक दिवस थांबाच. पाइपातून थेंब-थेंब पाणी येत असताना चिकटवलेला सांधा टिकत नाही. त्या लाइनचं तोंड पूलमध्ये रबरी प्लगनं बंद करा आणि आतून कोरडं पुसून घ्या.

आट्यांना टेफ्लॉन टेप आट्याच्या तोंडाकडून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, तीन-चार वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं एक-दीड वेढा बास. युनियनच्या ओ-रिंगवर टेप लावायची नसते, तिथं ओ-रिंगच काम करते. आणि शक्य तिथं प्लास्टिकचा एफटीए (आतून आटे असलेला तुकडा) लोखंडी किंवा पितळी आट्यावर चढवू नका. आवळताना प्लास्टिक बाहेरून ताणलं जातं आणि केसासारखी चीर पडते. प्लास्टिकचा आटा धातूच्या आत गेला तर चालतो.

काम झाल्यावर उघड्यावरच्या पाइपाला पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारून घ्या. कोल्हापूरचं ऊन पाइपाला दोन-तीन वर्षांत खडूसारखं पांढुरकं आणि ठिसूळ करायला लागतं.

बॅकवॉशची लाइन

पंपाशी सगळं कोरडं आहे, तरी पंप चालू असताना पाणी जातंय? मग बॅकवॉशच्या पाइपाचं दुसरं तोंड शोधा. ते बहुतेक वेळा नारळाच्या आळ्यात नाहीतर उसाच्या सरीत सोडलेलं असतं आणि तिथं कायम ओल असते, पण झाड आहे म्हणून कुणाला शंका येत नाही. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) हँडल 'फिल्टर'च्या खुणेवर ठेवा, पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी दोऱ्यानं बांधा आणि पंप तासभर चालवा. पिशवीत पाणी जमलं तर व्हॉल्व्हच्या आतलं चक्रीच्या आकाराचं गॅस्केट गेलंय. कारण जवळपास ठरलेलं: पंप चालू असतानाच हँडल फिरवणं. माळ्याला, गड्याला, घरातल्या पोरांना, सगळ्यांना सांगा: आधी पंप बंद, मग हँडल.

जमिनीखाली

नदीकडच्या काळ्या रानात पूल असेल तर गाडलेल्या पाइपावर वर्षातून दोनदा आपत्ती येते. उन्हाळ्यात माती भेगाळते, पहिल्या पावसात फुगते. मातीबरोबर पाइप हलतो आणि एल्बो किंवा टी, जिथं तो अडकलेला असतो, तिथं सुटतो. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मुरमात हा त्रास कमी, पण तिथं दगडाची टोकं पाइपात रुततात. दोन्हीकडं उपाय एकच. पाइपाखाली आणि वर चारेक इंच वाळू, आणि जमिनीखाली सांधे जितके कमी तितकं चांगलं. भिंतीतून पाइप नेताना पडल फ्लँज, म्हणजे पाइपाभोवतीनं पाणी झिरपू न देणारी काँक्रीटमधली कडी, घातलेला असावा.

कुठली लाइन फुटलीय हे ठरवायला पूलकडचं तोंड प्लगनं बंद करा आणि पंपाकडून टेस्टिंग पंपानं दीड किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास पाण्याचा दाब द्या. अर्धा तास काटा हलला नाही तर लाइन चांगली. कॉम्प्रेसरची हवा भरून हे करू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पाइप फुटला तरी दाब लगेच संपतो. हवेनं भरलेला पीव्हीसी फुटला तर त्याचे तुकडे अंगात घुसतात.

पाइप चांगले निघाले तर पूलचं अंग बघायचं. सगळी लाइन बंद करून पाणी आपल्या आपण कुठं थांबतं ते बघा. स्किमरच्या तोंडाखाली थांबलं तर स्किमर आणि काँक्रीटच्या मधली फट, दिव्याच्या पातळीला थांबलं तर दिव्यामागची वायरीची नळी. दिव्याला हात लावायच्या आधी मेन बंद. संशयाच्या जागी पाणी स्थिर असताना सिरिंजनं खाण्याचा लाल रंग हळूच सोडा. फट असेल तर रंगाची रेघ आत ओढली जाते. पाण्याखाली लावायच्या एपॉक्सी पुट्टीनं अशी फट पूल रिकामा न करता बुजवता येते.

कारण पूल रिकामा करणं पावसाळ्यात धोक्याचं आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या पट्ट्यात पाहिला, त्यांना जमिनीतलं पाणी कुठवर चढतं हे माहीत आहे. पूर नसतानाही जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी काठोकाठ असतात, म्हणजे पूलच्या तळाखालीही तेच पाणी असतं. बाहेर तळापेक्षा एक मीटर उंच पाणी असेल तर ते तळाला दर चौरस मीटरला एक टन इतक्या जोरानं वर ढकलतं. आतलं पाणी त्याला तोलून धरतं. ते काढलं तर तळ फुगतो, टाइल्स उडतात, फायबरचा पूल तर अख्खा वर येतो. तळाशी दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह नसेल, तर तळाचं कुठलंही काम दिवाळीनंतर, शेजारच्या विहिरीची पातळी पूलच्या तळाखाली गेल्याचं बघूनच काढा. तोवर पंपाकडचं, व्हॉल्व्हचं आणि वरच्या पाइपाचं काम पूल भरलेला ठेवूनच होतं.